स्टीलच्या सिंकला अ‍ॅसिड कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून घरगुती उपायांचा नुसता मारा होतो. त्यातला एक दरवर्षी हमखास असतो : स्टीलचं सिंक लिंबू-मिठानं घासा. तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावायची आपली जुनी रीत बरोबरच आहे. स्टीलला मात्र ती लावू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मी लातूरला पोळी-भाजी केंद्र चालवते. ओटा, सिंक, पातेली सगळं स्टीलचं आणि पाणी बोअरचं. स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. ते किमान साडेदहा टक्के असलं की वर त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागून तो पुन्हा भरून येतो. मिठातलं क्लोराइड नेमका हाच थर फोडतं, आंबटाची जोड मिळाली तर अधिकच. ब्लीचिंगचं पाणी आणि संडासाचं अ‍ॅसिड तर त्याहून वाईट. मग टाचणीनं टोचल्यासारखे बारीक काळे खड्डे पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

लोखंडी तारेच्या घासणीचे कण ओल्या ओट्यावर राहिले की सकाळी तांबूस ठिपके दिसतात. लोक म्हणतात, दुकानदारानं स्टील नकली दिलं. गंजलेली असते ती घासणी.

आमच्याकडे खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून मऊ फडक्यानं लावतात. स्टीलवर बारीक रेषा असतात, त्यांच्याच दिशेनं हात चालवायचा. गोल गोल घासलं तर चरे उठून दिसतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे क्षार. ते सोड्यानं हलत नाहीत. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं फडकं नळाच्या बुडाशी दहा मिनिटं गुंडाळून ठेवावं, डाग सुटतो. दुधाचं पातेलं तापून बुडाला निळसर-पिवळी झाक येते, तीही व्हिनेगरनं जाते. नंतर साध्या पाण्यानं धुवून लगेच कोरडं पुसायचं. हे पुसणंच बहुतेक घरांत राहून जातं, आणि पाणी जागेवर वाळलं की डाग परत हजर. शेवटी खोबरेल तेलाचे दोन थेंब कोरड्या फडक्यावर घेऊन ओटा पुसला की बोटांचे ठसे कमी उमटतात.

माझी खरी तळमळ भांडी घासणाऱ्या मावशींसाठी आहे. अ‍ॅसिडची बाटली आपण विकत आणतो आणि हात त्यांचे भाजतात. हातमोजे किती घरांत दिले जातात? त्यात कुणी ब्लीचवर व्हिनेगर किंवा लिंबू ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. खिडकी बंद असलेल्या स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

आपल्या दैनिकाच्या दिवाळी पुरवणीत साफसफाईचे उपाय छापताना कुठला उपाय कुठल्या धातूसाठी, हे स्पष्ट लिहावं आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही न मिसळण्याची सूचना ठळक चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्र चालिका, लातूर