आधी रेडिओ, मग ड्रोन : ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले असते तर "अगं, त्यात काय एवढं!" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र. इवल्याशा एफपीव्ही ड्रोनच्या, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगल्समध्ये बघत उडवायच्या ड्रोनच्या, नादाला लागणाऱ्या नवख्या माणसानं पहिली खरेदी कशी करावी, हे तुम्ही जसं समजावलंत ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडावं, असंही मनात आहे.

मी "कोणता ड्रोन घेऊ?" एवढंच विचारायला आले होते. तुम्ही ड्रोनचं नावही न काढता तुमचा रेडिओ, म्हणजे ड्रोन उडवायचा रिमोट, माझ्या हातात दिलात. "आधी हा धरून बघ. ड्रोन तुटेल, बदलेल. हा मात्र कित्येक वर्षं तुझ्या हातात राहणार आहे." स्टिक नुसत्या अंगठ्यानं ढकलायच्या की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायच्या, हे दोन्ही करून बघायला लावलंत. चिमटीत माझा हात जास्त स्थिर राहतो हे तिथंच कळलं आणि रेडिओ केवढा हवा तेही ठरून गेलं. हॉल सेन्सरच्या गिंबलमध्ये (गिंबल म्हणजे स्टिक जिच्यावर फिरते ती यंत्रणा) स्टिकची जागा चुंबकानं मोजली जाते, आत घासणारा संपर्क नसतो, म्हणून ते जास्त टिकतं, हेही तेव्हाच ऐकलं.

रेडिओसाठी तुमच्या अटी दोनच. पहिली, त्यात एक्सप्रेसएलआरएस हवं. रेडिओ आणि ड्रोन यांना बिनतारी जोडणारी ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, त्यामुळे एका कंपनीचा रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या ड्रोनशी जुळतो. फक्त दोन्हीकडच्या आवृत्तीचा पहिला आकडा सारखा असावा लागतो. हे एक वाक्य तुम्ही सांगून ठेवलंत म्हणून माझं बाइंडिंग, म्हणजे रेडिओ आणि ड्रोनची जोडी जुळवणं, विनासायास झालं. दुसरी अट, रेडिओ यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर उडवायचा सराव करण्याचा प्रोग्रॅम, चालवता यायला हवा. सगळं एकाच खोक्यात मिळणारे संच बघून मन मोहतं, पण त्यातल्या काहींचा रेडिओ पुढच्या ड्रोनला चालतच नाही. खोकं हातात घेतलं की आधी या दोन अटी तपासायच्या, हे आता मीही सगळ्यांना सांगते.

सिम्युलेटरचा तुमचा आग्रह तर फारच मोलाचा. अँगल मोडमध्ये स्टिक सोडली की ड्रोन स्वतःहून सपाट होतो. अ‍ॅक्रोमध्ये ज्या कोनात सोडाल त्याच कोनात राहतो आणि तो सरळ करायचं काम आपल्या बोटांचं असतं. ही सवय पडद्यावर लागली की पंखे मोडत नाहीत, बॅटरीही संपत नाही.

गॉगल्सबद्दल तुम्ही आधी विचारलंत, "चष्मा लागतो ना तुला?" दोन भिंगांच्या गॉगल्समध्ये डोळ्यांमधलं अंतर जुळवावं लागतं आणि चष्मा असेल तर बऱ्याचदा नंबरची वेगळी भिंगं बसवावी लागतात. एकच पडदा असलेल्या डबा गॉगल्सपैकी बरेच चष्म्यावरून चढतात. मी तसलेच घेतले, ५.८ गिगाहर्ट्झचे अ‍ॅनालॉग. अ‍ॅनालॉगमध्ये कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही कंपनीच्या गॉगल्समध्ये दिसतो, आणि सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या येऊ लागतात, म्हणजे मागे फिरायला वेळ मिळतो. डिजिटल चित्र देखणं असतं यात वादच नाही. पण त्यात कॅमेरा आणि गॉगल्स बहुतेक वेळा एकाच घराण्याचे लागतात, आणि एवढ्याशा ड्रोनला एकेक ग्रॅम जड होतो. नवख्यानं डिजिटलची घाई करू नये, असं माझं ठाम मत झालंय.

एवढं झाल्यावर कुठे ड्रोनची पाळी आली! ६५ मिमीचा, म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटरमधलं तिरकं अंतर तेवढं. वजन बॅटरीसकट तीसेक ग्रॅम, पंख्यांभोवती प्लॅस्टिकची कडी. घरात भिंतीला धडकला तरी भिंतही शाबूत आणि तोही शाबूत.

बॅटरीवर मात्र तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात, आणि मला त्याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. १एस, म्हणजे एकाच सेलच्या, बॅटरीचे दोन कनेक्टर तुम्ही शेजारी शेजारी ठेवलेत. पीएच२.० ची बारीक पिन दाखवलीत, मग बीटी२.० ची भरीव पिन, जिच्यात रोध कमी. एकाच सेलवर सगळा भार असतो, तेव्हा कनेक्टरमधला थोडासा रोधही व्होल्टेज खाली ओढतो आणि थ्रॉटल देताच, म्हणजे मोटरचा जोर वाढवताच, ड्रोन मरगळतो. शिवाय एक कनेक्टर निवडला की चार्जर आणि पुढच्या सगळ्या बॅटऱ्या त्याच्याशी बांधल्या जातात. ही गोष्ट ड्रोनच्या जाहिरातीत कोण ठळक छापतो? ३०० एमएएचच्या बॅटरीवर तीन-चार मिनिटंच उड्डाण होतं, म्हणून दुसरा ड्रोन घेण्यापेक्षा चार बॅटऱ्या जास्तीच्या घे, हा सल्लाही तुमचाच. सेल ३.५ व्होल्टला आला की परत फिरायचं, ३.३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची, फुगलेली वापरायचीच नाही. आणि ड्रोन चालू करून टेबलावर नुसता ठेवायचा नाही, कारण वारा लागला नाही की गॉगल्सकडे चित्र पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर तापतो. माझ्या चार्जरशेजारी हे सगळं कागदावर लिहून लावलंय.

ताई, तुम्ही मला खरेदीची यादी देऊन मोकळ्या झाला असतात तरी मी खूश झाले असते. पण तुम्ही प्रत्येक वस्तूमागचं कारण सांगत बसलात, स्वतःचं सामान हाताळू दिलंत, आणि मी गॉगल्स चढवल्यावर शेजारी उभं राहून माझ्यासाठी आजूबाजूला लक्ष ठेवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आता ७५ मिमीचा घ्यायचं चाललंय. रेडिओ तोच, गॉगल्स तेच, चार्जरही तोच. पंखे दोन पात्यांचे घेऊ की तीन, तेवढं मात्र तुम्हालाच विचारायला येणार आहे.

तुमची,
एक ऋणी विद्यार्थिनी