एंजलच्या टँकमध्ये टेट्रा

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि त्याच बैठकीत उत्तर लिहायला घेतलं, कारण शनिवारी तू निऑन टेट्रा, म्हणजे ते छोटे लालनिळे मासे, आणायला जाणार असं लिहिलंयस. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. मिलिंद, निऑन आणू नकोस. निदान तुझ्या त्या दोन मोठ्या एंजल माशांच्या टँकमध्ये तरी नको.

एंजल आणि निऑन दोन्ही शांत मासे आहेत, असं तुला दुकानात सांगितलं. एंजल उगाच कुणाच्या मागे लागत नाही, हे खरंच आहे. पण निऑनला त्याच्याकडून जो धोका आहे तो भांडणाचा नाही, भुकेचा आहे. एंजल सिक्लिड कुळातला. त्याचं ते चपटं, उंच अंग आणि अंगावरचे काळे उभे पट्टे आपल्याला शोभेचे वाटतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात बुडालेल्या फांद्या आणि देठांमध्ये मात्र तो त्यांच्यामुळेच दिसेनासा होतो. तिथं तो दबा धरून राहतो आणि किडे, अळ्या, जवळून जाणारे लहान मासे टिपतो. पूर्ण वाढलेला एंजल साधारण 15 सेंटीमीटर लांब, वरखालचे पर धरले तर उंचीला त्याहून जास्त. निऑन जेमतेम 3 ते 4 सेंटीमीटर, त्यात अंगाने सडपातळ. तोंडात मावतो तो मासा एंजलच्या लेखी खाणंच असतं, आणि पोटभर खाऊ घातलं तरी त्यात फरक पडत नाही.

दिवसा सगळं छान दिसेल. घोळका फिरेल, एंजल आपल्या डौलात वावरतील. अंधार पडला की निऑनचा निळा पट्टा फिका होतो आणि ते एका जागी जवळजवळ निपचित तरंगतात. अशा वेळी एखादा गेला तर झटापटही होत नाही, मेलेला मासाही सापडत नाही. सकाळी मोजणी केली तरच कळतं.

दुसरी अडचण पाण्याच्या उबेची. निऑन वरच्या ॲमेझॉनमधल्या सावलीतल्या ओढ्यांचा मासा, 22 ते 25 अंशांत खरा खुलतो. एंजलला 26 ते 28 मानवतं. मधला 25-26 धरला तर दोघं जगतात, पण निऑनला ती ऊब कायमची सोसावी लागते. मला हे पटत नाही. एखाद्या जिवाला आपण काचेत आणून ठेवतो, तर त्याने नुसतं तग धरून राहावं हे पुरेसं नाही.

तुला तो लालनिळा घोळकाच हवा असेल, तर कार्डिनल टेट्रा बघ. निऑनचा सख्खा भाऊच म्हण. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यावर सुरू होतो, कार्डिनलचा पार डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो. तो दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो आणि वरच्या ओरिनोको या नद्यांच्या कोमट, चहाच्या रंगाच्या पाण्यातला. 27 अंश त्याला सहज चालतात, आणि वाढतोही थोडा मोठा, 5 सेंटीमीटरच्या आसपास. पण मोठ्या एंजलपुढे हा वाढीव सेंटीमीटरही अपुरा आहे, म्हणून इथं क्रम महत्त्वाचा. आधी कार्डिनल, पूर्ण वाढीचे, पंधरा-वीस तरी. ते रुळले की मग एंजलची पिल्लं, रुपयाच्या नाण्याएवढ्या अंगाची. ज्या माशांमध्ये एंजल लहानाचा मोठा होतो, त्यांना तो बहुतेक वेळा खाणं मानत नाही. माझ्याकडे ही जोडी अशीच जमली आहे, आणि रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसतो. तरीही याला हमी म्हणू नकोस. एंजलचे स्वभाव वेगवेगळे असतात, एखादा निघतोच शिकारी.

तुझे एंजल आधीच मोठे झालेत, म्हणजे हा क्रम तुझ्या हातून निघून गेला आहे. तुझ्या चार फुटी टँकला मी कॉंगो टेट्रा सुचवेन. आफ्रिकेतला मासा, नर 8 सेंटीमीटरपर्यंत जातो, अंगाने भरदार, उजेडात इंद्रधनुष्यासारखा चमकतो, आणि एंजलच्या तोंडात मावत नाही. सात-आठ तरी आण, नाहीतर ते बुजतात. टायगर बार्ब किंवा सर्पे टेट्रा कितीही आवडले तरी नकोत. ते एंजलचे लांब पर कुरतडतात आणि तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून खाणं सोडतो.

तुझे दोन्ही एंजल एकाच उभ्या पानाला तोंडाने साफ करताना दिसतात, असं तू सहज लिहून गेलास. मला ते वाचून फार आनंद झाला. ती जोडी जमली आहे, मिलिंद! ॲमेझॉन सोर्ड या पाणवनस्पतीच्या रुंद पानावर अंडी घालतील, दोघं मिळून परांनी वारा घालतील, पांढरी पडलेली अंडी वेचून काढतील. पण त्या दिवसांत हेच शांत मासे बाकी सगळ्यांना टँकच्या दुसऱ्या टोकाला पिटाळतात. आणि रात्री संधी मिळाली की टेट्रा अंडी, पिल्लं फस्त करतात. दोष कुणाचाच नाही. पिल्लं वाढवायची मनापासून इच्छा असेल, तर जोडीला वेगळा टँक दे. नसेल तर मध्ये ड्रिफ्टवूड, म्हणजे टँकमध्ये ठेवायचं लाकूड, आणि दाट झाडं लावून टँकचे दोन भाग पाड, म्हणजे पिटाळलेल्यांना नजरेआड व्हायला जागा मिळेल.

नवे मासे थेट सोडू नकोस, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेव. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि सगळ्यांना धरतो. त्या टँकचा फिल्टर नवा कोरा नको, तुझ्या मोठ्या फिल्टरमधला थोडा जुना स्पंज त्यात घाल. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच असतात. नव्याने ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असतील तरच मासे आण. मोठ्या टँकमध्ये सोडल्यावरही आठवडाभर तपासत राहा, कारण माशांची संख्या एका दिवसात वाढते, जिवाणू तेवढ्या झपाट्याने वाढत नाहीत.

खाणं दोन टोकांना टाक. एंजलला एका बाजूला गुंतवून ठेवलं की टेट्रांना त्यांचा वाटा मिळतो.

तुझ्या टँकची उंची मात्र तू कळवली नाहीस. 45 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर एंजलचे पर नीट पसरणार नाहीत, मग टेट्राच्या आधी टँकचाच विचार करावा लागेल. माप घे, हीटर किती अंशांवर आहे तेही बघ आणि शनिवारच्या आत कळव.

तुझा,
अविनाश