सुध्या, टॅब पाठवू नकोस

मखमलाबाद रोड, पंचवटी, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी दिंडोरी रोडवर स्कूटर बाजूला घेऊन उभा होतो. "शाळेला दहा टॅब देतो, तू फक्त मॉडेल सांग," म्हणालास, आणि मी "कळवतो" म्हणून ठेवून दिला. आठ दिवस झाले. तू रागावला असशील. तुझ्या हेतूबद्दल शंका नाही रे, पण उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आज रविवार आहे, ही भावाकडे गेली आहे, म्हणून बसलोय लिहायला.

आधी एक सांगतो. मी शिकवायला जातो त्या झेडपीच्या शाळेत टॅब आहेत. चार. मागे कुणीतरी दिलेले, लोखंडी कपाटात कुलपात. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद झाली की वस्तू फुटली तर जबाब मुख्याध्यापकांना द्यायचा. मग कोण कशाला बाहेर काढतंय? शाळा द्विशिक्षकी आहे, म्हणजे चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातले एक कायम कुठली तरी माहिती ऑनलाइन भरत असतात नाहीतर पोषण आहाराचा हिशेब लिहीत असतात. दोघंही मनापासून शिकवणारे आहेत, हे मुद्दाम लिहितो. नाहीतर तू लगेच "झेडपीचे मास्तर" म्हणून सुरू होशील.

शाळेत मी काय करतो विचारत होतास. सुरुवातीला मी मूर्खपणा केला. चौतीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेला माणूस गणित शिकवणार, या तोऱ्यात गेलो आणि आपल्या गुरुजींसारखे पाढे म्हणून घ्यायला लागलो. महिन्याभरात पोरं एका सुरात बारापर्यंत पाढे म्हणायला लागली. मी खूश. मग एक दिवस एकेकाला जवळ बोलावून विचारलं, सात चोक किती? तिसरीतल्या पोरीने "सात एके सात" पासून सूर धरला आणि चोकपाशी येऊन थांबली, कारण शेजारची मैत्रीण नव्हती. सूर पाठ झाला होता, पाढा नाही.

तिचं नाव सुरेखा असं समज. (नावं बदलून लिहितोय.) तिला मी म्हटलं, सत्तेचाळीस लिही. तिने लिहिलं ७४. आपण काय म्हणालो असतो? "ढ आहे." मी पण तेच मनात म्हणालो. मग एकोणचाळीस सांगितलं, तर तिने ४१ लिहिलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पोरगी ऐकते तसं लिहीत होती. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात ऐकू येतो, मग चाळीस, म्हणून ७ आधी. एकोणचाळीसमध्ये "एक" ऐकू आला आणि "चाळीस" ऐकू आला, झाले ४१. यातला "एकोण" म्हणजे एकाने उणे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं, सवयीने आलं. आणि गंमत बघ, एकोणनव्वद म्हणायचं, पण नव्व्याण्णवला एकोणशंभर म्हणायचं नाही! शंभरपर्यंतचं प्रत्येक नाव आपल्या पोरांना जवळजवळ सुटं पाठ करावं लागतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी पर्यायी वाचनाची पद्धत आली होती, आठवतं? मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. महाराष्ट्रभर टिंगल झाली, मराठी बुडाली म्हणून लोक ओरडले. आपल्या ग्रुपवर पहिला विनोद मी टाकला होता. आता सुरेखाला मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून देतो, चार गठ्ठे आणि सात सुट्या. ती आधी "चाळीस सात" म्हणते, मग "सत्तेचाळीस" म्हणते, आणि ४७ लिहिते. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांची माफी मागायची राहिली, एवढं खरं.

आता आकडे, कारण तू इंजिनियर आहेस आणि आकड्यांशिवाय तुझा विश्वास बसत नाही. "असर" नावाची पाहणी होते, गावोगाव घरी जाऊन. मुलाला एकट्याला समोर बसवून अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांतलं कुठवर वाचता येतं ते बघतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के ती गोष्ट वाचू शकली. पाचवीतली ४८.८ टक्के. म्हणजे पाचवीतल्या निम्म्या पोरांच्या हातात पाचवीचं पुस्तक असतं आणि दुसरीची गोष्ट वाचता येत नसते. पण हेही लिहितो की सरकारी शाळांतला तिसरीचा आकडा २०२२ मध्ये १६.३ होता, तो २३.४ वर आलाय. २०२१ मध्ये सुरू झालेल्या "निपुण भारत" या सरकारी मोहिमेचा तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं करायचा आग्रह खालपर्यंत पोचतोय, हे आमच्या शाळेतही दिसतं. आणि हे एकट्या आपलं दुखणं नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली दहा वर्षांची सुमारे ७० टक्के मुलं साधा मजकूर समजून वाचू शकत नाहीत, असा जागतिक बँकेचा २०२२ चा अंदाज होता. कोविडच्या आधी हा आकडा ५७ होता.

यंत्रं वाटून बघितलीत लोकांनी. पेरू देशात खेड्यातल्या शाळांमधून पोरांना लॅपटॉप दिले आणि नीट मोजमाप केलं. वाचन-गणितात फरक शून्य. केनियात पाठ्यपुस्तकं फुकट वाटली, तर फायदा फक्त आधीच हुशार असलेल्यांना झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बहुतेक पोरांची ती तिसरी भाषा. हे वाचलं आणि मला आमच्याकडची सहा पोरं आठवली. द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात, हे तुला माहीतच आहे. घरी बोली कोकणा, शाळेत पुस्तकी मराठी, आणि बागेचं काम संपलं की परत गाव. त्यांच्यासाठी आपलं छापील मराठी केनियातल्या इंग्रजीइतकं नसलं तरी बरंच लांबचं आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील दिन्या एकांगी झाला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, तेव्हा गणित सुधारलं होतं. तिथे खेळ ज्याच्या त्याच्या गतीने चालायचा. त्याच सुमारास मुंबईत आणि वडोदऱ्यात "प्रथम" संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मागे पडलेली पोरं दिवसातले दोन तास वेगळी बसवून त्यांना जिथे अडलंय तिथून शिकवणाऱ्या. पोरं पुढे सरकली. हे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं नोबेल मिळालेले. (बॅनर्जींचं मधलं नाव विनायक आहे आणि आई मराठी. आपण असली माहिती सोडतो होय!)

तेच आम्ही लहान प्रमाणात करतो. रोज पहिला एक तास इयत्ता विसरायची. अक्षरवाले एका चटईवर, शब्दवाले दुसऱ्या, गोष्टवाले व्हरांड्यात. गुरुजी एका गटात, बाई दुसऱ्या, मी उरलेल्यात. ऐकायला सोपं आहे, पण चौथीतला किसन दुसरीच्या पोरींबरोबर शब्दांच्या चटईवर बसायला तयार होईना. बसला तो भिंतीकडे तोंड करून. चार दिवस पाठमोराच. मी त्याला काड्यांचा खजिनदार केला, गठ्ठे वाटायचे आणि तास संपला की मोजून घ्यायचे. पाचव्या दिवशी वळला.

याच किसनचा किस्सा मला तुला सांगायचा होता खरा. दर बुधवारी गैरहजर. एका बुधवारी मी गोदाकाठच्या बाजारात गेलो, तर हे महाराज आईशेजारी कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेले. एका बाईने तीन जुड्या कोथिंबीर घेतली पंधरा रुपयांप्रमाणे आणि दोन मेथी वीसप्रमाणे, आणि दोनशेची नोट दिली. किसनने क्षणात सांगितलं, पंच्याऐंशी. मग पाचचं नाणं ठेवलं, "नव्वद", दहाची नोट, "शंभर", शंभराची नोट, "दोनशे". झालं. सुध्या, चौतीस वर्षं मी खिडकीत हेच केलं. वजाबाकी कोण करतो रे?

दुसऱ्या दिवशी पाटीवर मांडून दिलं, २०० वजा ८५. त्याने उत्तर काढलं २८५. बघ कसं. शून्यातून पाच जात नाही, म्हणून पाचातून शून्य घालवला, आठातून शून्य घालवला, दोन तसाच खाली आला. प्रत्येक पायरीला मोठ्यातून लहान. मी म्हटलं, "बरं, मी तुला दोनशे दिले, पंच्याऐंशीची भाजी घेतली. आता मला दोनशे पंच्याऐंशी परत दे." तो माझ्याकडे बघत राहिला, मग इतका हसला की शेजारच्या चटया थांबल्या. "मंग मी बुडालो ना सर!"

बाजारातलं गणित आणि पाटीवरचं गणित ही त्याच्या डोक्यात दोन वेगळी गावं होती, मध्ये रस्ताच नव्हता. हे त्याच्या एकट्याचं नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेवर मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये "नेचर" या विज्ञान नियतकालिकात आलाय. बाजारातले हिशेब पटापट, कागदावर तेवढीच सोपी उदाहरणं अडतात. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. आम्ही मग पाटीवर आडवी रेघ मारून ८५ पासून २०० पर्यंत उड्या मारायला लागलो. पाच, दहा, शंभर. उसने घेण्याची रीत नंतर आली, आणि आली तेव्हा त्याला ती कशासाठी आहे ते कळलं होतं.

तर टॅब नको. पैसे द्यायचेच असतील तर थोड्या शब्दांच्या, मोठ्या अक्षरांच्या गोष्टींची पातळ पुस्तकं घे. प्रथम बुक्सची मराठीत मिळतात, वाचनाची पातळी पुस्तकावरच छापलेली असते. प्रत्येकाच्या दोन प्रती घे, कारण एकच असली की मारामारी होते. ती कपाटात न ठेवता दोरीवर टांगायची, असं बाईंशी आधीच बोलून ठेवलंय. फाटली तर फाटली.

आणि दुसरं, तू ये. तीन आठवडे काढ. व्हरांड्यातल्या गटाला माणूस कमी पडतोय, आणि तू गोष्ट सांगायला लागलास की अजून तसाच रंगतोस ना? गुडघ्याचं कारण सांगू नकोस, खुर्ची आहे.

मंगळवारी रात्रीपर्यंत पोच. बुधवारी सकाळी आपण गोदाकाठी जाऊ. किसनकडून दोन जुड्या घे आणि पाचशेची नोट दे. सुट्टे आणू नकोस.

तुझा,
दिन्या

ता. क. रबरबँड आण, जाड. इथले पातळ आठवड्यात तुटतात आणि खजिनदार माझ्यावर ओरडतो.