रिकन्स्ट्रक्शन कधी करायचं, हे बाईला आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रेस्ट कॅन्सरवर पेपरात बरंच येतं, गाठ कशी तपासायची, मॅमोग्राफी कधी करायची वगैरे, ते हवंच, पण स्तन काढायची वेळ आली तर तो परत तयार करायचा का (यालाच रिकन्स्ट्रक्शन म्हणतात) आणि करायचा तर कधी, यावर फारसं कोणी बोलत नाही. माझ्या जाऊबाईंना हा प्रश्न विचारला गेला तो ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, कन्सेंट फॉर्मवर सही घेताना. हातात पेन, समोर ज्युनियर डॉक्टर उभा, "रिकन्स्ट्रक्शन हवंय का, आत्ताच सांगा". त्या काही बोलायच्या आत आमचे मोठे दीर म्हणाले, आता या वयात कशाला. झालं, विषय संपला. मला याचा अजून राग येतो.

कारण हा निर्णय असा उभ्या उभ्या घ्यायचा नाहीच आहे. स्तन काढतानाच रिकन्स्ट्रक्शन केलं तर स्वतःची स्किन बऱ्यापैकी वाचवता येते, आकार चांगला येतो, शुद्धीवर आल्यावर छाती एकदम सपाट दिसत नाही. पण पुढे रेडिएशन लागणार असेल तर सगळं गणितच बदलतं. इम्प्लांटवर (आत बसवलेल्या कृत्रिम स्तनावर) रेडिएशन पडलं की त्याच्याभोवती तयार होणारं कवच कडक होऊन आवळायला लागतं, दुखतं, आकार बिघडतो, आणि पोटाची कातडी-चरबी घेऊन केलेला फ्लॅप असला तरी तोही आकसू शकतो. म्हणून अशा वेळी बरेच सर्जन रेडिएशन संपल्यावर काही महिने, साधारण सहा तरी, थांबायला सांगतात आणि मग पोटाचा नाहीतर पाठीचा टिश्यू वापरतात. गंमत नाही, खरी अडचण अशी की रेडिएशन लागणार का हे बऱ्याचदा पक्कं कळतं ते ऑपरेशननंतर, गाठीचा आणि काखेतल्या नोड्सचा (लसिका ग्रंथींचा) फायनल रिपोर्ट आल्यावर. त्यासाठी मधला रस्ताही आहे, आधी नुसता एक्स्पांडर, म्हणजे कातडी हळूहळू ताणणारी पिशवी, बसवतात, त्यात सुईने थोडं थोडं सलाइन भरत जातात (प्रत्येक वेळी एखाद-दोन दिवस छाती ताणल्यासारखी दुखते म्हणे) आणि बाकी पुढचं रिपोर्ट बघून ठरवतात.

शिवाय लगेच रिकन्स्ट्रक्शन केलं आणि जखम नीट भरली नाही तर केमो लांबू शकते, शुगर जास्त असेल किंवा सिगरेट-तंबाखू चालू असेल तर हा धोका वाढतो, त्यामुळे काहींनी थांबलेलंच बरं. इन्फ्लमेटरी प्रकारच्या (स्तन लाल होऊन सुजतो त्या) कॅन्सरमध्ये तर लगेच करू नका असंच सहसा सांगतात. रिकन्स्ट्रक्शनमुळे कॅन्सर परत येतो ही भीती मात्र मनातून काढून टाकावी, तसं काही नसतं.

आणि आज नाही म्हटलं म्हणजे कायमचं नाही, हे तर कोणी सांगतच नाही! काही वर्षांनंतरही करता येतं. अजिबात नको असेल तर सपाट छातीने राहणं किंवा ब्रामध्ये प्रोस्थेसिस (कृत्रिम स्तन) वापरणं हेही तितकंच बरोबर, फक्त ते त्या बाईने ठरवलेलं असावं, नवऱ्याने, सासूने किंवा वयाच्या आकड्याने नाही.

जाऊबाईंचं रेडिएशन आता संपलंय. परवा त्या स्वतःहून प्लास्टिक सर्जनकडे गेल्या, मी सोबत होते. डॉक्टरांनी पोटाची चरबी चिमटीत धरून बघितली, छातीची स्किन किती मऊ झालीये ते बघितलं आणि शुगर खाली आणून परत या म्हणाले. नवीन स्तनाला पहिल्यासारखी संवेदना बहुतेक नसेल, एकापेक्षा जास्त ऑपरेशन्स लागू शकतात, निप्पल नंतर करतात, हेही स्पष्ट सांगितलं. हेच बोलणं मॅस्टेक्टॉमीच्या, म्हणजे स्तन काढायच्या ऑपरेशनच्या, बरंच आधी अर्धा तास बसून झालं असतं तर?

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या प्लास्टिक सर्जनकडून यावर सविस्तर लिहून घ्या ही विनंती, आणि ज्यांनी लगेच केलं, ज्यांनी थांबून केलं आणि ज्यांनी केलंच नाही अशा तिन्ही बायकांचं म्हणणं त्यात येऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक