मंत्रिमहोदय, रात्री दोनचा लोड किती?

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी आपण साताऱ्यात आला होता. फौजेच्या फील्ड कॅम्पसाठी पुढचे जनरेटर घेताना ते चालवलेल्या माणसांना विचारलं जाईल, असा शब्द आपण तेव्हा दिलात. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मग आम्ही आमच्या सूचना हिशेबासकट सात पानांत लिहून पाठवल्या. परवा उत्तर आलं, एका ओळीचं : ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.’ कुठल्या वहीत घेतली तेवढं कळवलं असतं, तर त्या वहीचा हारतुरे घालून सत्कार केला असता. कारण मागणीच्या मसुद्यात पुन्हा तेच आहे : कॅम्प तिथे ३० केव्हीएचा एक सेट.

३० केव्हीए हा पाटीवरचा आकडा. ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) त्याचे २४ किलोवॅट होतात, तेही सपाटीवर. टर्बो (जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर शंभर मीटर चढाला साधारण एक टक्का ताकद घालवतं. १५,००० फुटांवरच्या कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के, म्हणजे हातात तेरा-चौदा किलोवॅट. टर्बो असला तर इंजिन कमी दमतं, पण विरळ हवेत वीज तयार करणारा अल्टरनेटर नीट थंड होत नाही, त्याचंही रेटिंग उतरवावंच लागतं. महाबळेश्वरचा हॉटेलवाला साडेचार हजार फुटांवर सेट घेताना एक नंबर वरचा घेतो. त्याला कुणी समिती नेमून दिली नव्हती.

‘मग मोठा सेट घेऊ,’ असं तुमचे सल्लागार म्हणतील. मेख इथेच आहे. रात्री दोन वाजता कॅम्पवर काय चालू असतं? थोडे दिवे, रेडिओच्या बॅटऱ्यांचं चार्जिंग, एमआय रूमचा, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्याचा, फ्रिज. तीन-चार किलोवॅट, बस्स. सेट तासन्‌तास तीस टक्क्यांखाली चालला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट तेल ओघळतं. पुढे लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा जाम होतात, इंजिन ऑइल पिऊ लागतं. मग चौकशी कुणाची? मेकॅनिकची! त्यावर उपाय म्हणून हीटर लावून खोटा लोड द्यायचा आणि काजळी जाळायची. वीस लिटरचा एक जेरीकॅन भरला की नुसतं डिझेल सतरा किलो भरतं. ते खेचराच्या नाहीतर जवानाच्या पाठीवरून वर चढवायचं आणि सायलेन्सर साफ करायला जाळायचं, हे धोरण ज्याला सुचलं त्याने एकदा तो कॅन उचलून बघावा.

आमचं म्हणणं साधं होतं. एका मोठ्या सेटऐवजी १५ चे दोन आणि ७.५ चा एक. दिवसा मोठे, रात्री छोटा. सेट एकमेकांना जोडून चालवणाऱ्या सिंक्रोनायझिंग पॅनेलचा थाट नको, फीडर, म्हणजे कॅम्पला वीज नेणारी लाइन, दोन भागांत तोडा. एका सेटवरून दुसऱ्यावर नेणारा चेंजओव्हर स्विच मात्र चार पोलचा हवा, तीन फेजसोबत न्यूट्रलची परतीची तारही तोडणारा. आणि न्यूट्रलचं टर्मिनल रोज हाताखालून जायला हवं, कारण तीन फेज असमान असताना न्यूट्रल सुटला, तर हलक्या फेजवर २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट चढतात आणि एका झटक्यात सगळे चार्जर जातात.

वायरचं तर बोलायलाच नको. १.५ एमएमची तांब्याची वायर शंभर मीटर ओढून १० अ‍ॅम्पिअर घेतले की चोवीस व्होल्ट वाटेतच गळतात. मागणीत लांबी असते, जाडी ‘योग्य ती’. ड्रमवरची केबल पूर्ण न उलगडता वापरली तर ती आतल्या आत शिजते, हे सांगायलाही माणूस लागतो. अर्थिंगचा एक रॉड गोठलेल्या मातीत ठोकून समाधान मानू नका. बर्फाळ जमिनीचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. तीन-चार रॉड, रॉडच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवून, एकमेकांना जोडा. न्यूट्रल सेटपाशी एकाच जागी बॉडीला बांधा आणि पुढे ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, ठेवा. न्यूट्रल बांधलाच नाही तर ती शोभेची, दोन ठिकाणी बांधला तर उगाच पडत राहते, आणि वैतागलेला वायरमन तिला बायपास करतो.

थंडीचं डिझेल नोव्हेंबर २०१९ पासून मिळतंय, उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं. पण टाकीत आधीचं साधं डिझेल उरलं असेल तर मेण धरून फिल्टर चोंदतोच. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तिला ऊबदार खोकं लागतं. सोलर होत नाही असंही नाही. उत्तर सिक्कीममध्ये १६,००० फुटांवर ५६ केव्हीएचा प्रकल्प २०२१ मध्ये उभा राहिला, आपल्याच मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने.

अडतं कुठे? सगळ्यात कमी दराच्या कागदावर. खरेदीचा दर बघतात, दहा हजार तासांचं डिझेल कुणी मोजत नाही. त्यात अग्निवीर! सेटच्या आवाजावरून आजार ओळखायला माणसाला चार वर्षं लागतात, आणि तेव्हाच चारांतल्या तिघांना घरी पाठवायची सोय करून ठेवली आहे. आमचे कान त्या आवाजात गेले, गुडघे जेरीकॅनखाली गेले, त्याची नोंद कुठल्या वहीत? ज्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटची यंत्रं चालतात, तिच्या धरणाच्या जिल्ह्यातून पाच किलोवॅटसाठी हात जोडावे लागतात, याची गंमत तुम्हाला वाटत असेल, आम्हाला नाही वाटत.

आता सात पानं नको, एकच काम करा. कॅम्पवरच्या पॅनेलला क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) लावून आठवडाभर दर तासाला तिन्ही फेजचे अ‍ॅम्पिअर लिहून घ्यायला सांगा. पेन्सिलने चालेल. मग सेट मागवा. आणि या पत्राला उत्तर द्यायचंच असेल तर ‘नोंद घेतली’ नको, रात्री दोनचा आकडा पाठवा.

आपले,
सातारा तालुक्यातले काही निवृत्त जनरेटर मेकॅनिक आणि वायरमन