पहिल्या तीन वर्षांचे पाणी

हॅलिफॅक्स,
२८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपले रोज फोनवर बोलणे होते, तरीही पत्र लिहिते आहे, कारण जे सांगायचे आहे ते मी फोनवर सांगू लागले की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात, आई "जेवलात का?" विचारते आणि विषय तिथेच राहतो. इथल्या टपाल कर्मचाऱ्यांचा गुरुवारपासून संप सुरू आहे, म्हणून दिवाळीला मुंबईला निघालेल्या मैत्रिणीबरोबर हे पाकीट देते आहे. ती तिथून पोस्टात टाकील. आईने चष्मा लावून एकदा मोठ्याने वाचावे, मग बाबांनी स्वतः पुन्हा वाचावे, आणि मधलेच एखादे वाक्य धरून कोणी बसू नये, एवढी विनंती आहे.

काल शनिवारी चिमीच्या शाळेमागच्या मोकळ्या पट्टीत आम्ही सगळ्यांनी झाडे लावली. सप्टेंबरचा शेवटचा पूर्ण आठवडा कॅनडाभर राष्ट्रीय वन सप्ताह म्हणून पाळतात आणि त्यातला बुधवार हा राष्ट्रीय वृक्षदिन असतो. १९२० च्या सुमारास लोकांना वणव्यांविषयी सावध करण्यासाठी हा सप्ताह सुरू झाला, १९६७ पासून त्याला आजचे रूप आले आणि वृक्षदिनाची भर २०११ साली पडली. कुठे रोपे लावतात, कुठे जाणती माणसे लोकांना रानात फिरवून साल आणि सुया पाहून झाडे ओळखायला शिकवतात, शाळाशाळांतून तक्ते होतात. चिमीला प्रत्येक प्रांताचे झाड लिहून आणायचे होते. आमच्या नोव्हा स्कोशियाचे तांबडे स्प्रूस, ऑन्टॅरिओचा पांढरा पाइन, ब्रिटिश कोलंबियाचा सिडार, असे करत ती नुनावुतपाशी आली आणि रडकुंडीला आली, कारण तो प्रदेश इतका उत्तरेला आहे की बहुतेक भागात झाड वाढतच नाही आणि त्याचा असा राज्यवृक्षही नाही. शेवटी त्या रिकाम्या चौकोनात तिने "आजोबा – आंबा" असे लिहून टाकले. आपल्या महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबाच आहे, हे मी तिला कधी सांगितलेले नव्हते.

यंदा सोमवारी घटस्थापना झाली आणि बुधवारी वृक्षदिन आला. आई, घट मी बसवला आहे, काळजी नसावी. तुझ्यासारखी शेतातली माती नाही, कुंडीतलीच घेतली, पण सप्तधान्य भारतीय दुकानात मिळाले आणि गहू बोटभर वर आले आहेत. चिमी शाळेत जाण्यापूर्वी रोज त्यांच्यावर पाणी शिंपडते आणि शेजारच्या मुलीला "हे आमचे छोटे जंगल" असे सांगते.

बाबा, कालचे खड्डे तुम्ही पाहायला हवे होते. रोपाच्या मुळांच्या गड्ड्याहून दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गड्ड्याएवढेच. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांना मिळतो तो भाग मातीत जाऊ द्यायचा नाही. वर लाकडाच्या चुऱ्याचा चार बोटे थर घालायचा, पण तो बुंध्याला चिकटू द्यायचा नाही, भोवती कडे करायचे. मी न विचारताच हातांनी आळे करू लागले, तेव्हा शिकवणारे गृहस्थ म्हणाले की तुम्हाला हे कोणी तरी आधीच शिकवलेले दिसते. मी हो म्हटले. मागच्या वाडीतल्या पाटाच्या कडेला बसून तुम्ही मला आळे करायला शिकवलेत तेव्हा मी दुसरीत होते, आणि माझे आळे नेहमी एका बाजूने फुटत असे, म्हणून तुम्ही त्या बाजूला आपला पाय लावून उभे राहत असा.

झाडे लावण्यापूर्वी मिगमाक समाजाच्या, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, एक आजीबाई काळ्या अ‍ॅश वृक्षाविषयी बोलल्या. त्याचा ओंडका सगळीकडून बडवत राहिले की वर्षावर्षाचे वेढे सुटे होतात, त्यांच्या पातळ पट्ट्या निघतात आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. आता ती झाडे फार थोडी उरली आहेत, आणि अ‍ॅशची साल आतून पोखरणारा हिरवा कीटक २०१८ साली या शहराच्या वेशीत, बेडफर्डला, सापडला. त्यांच्या हातातली पट्टी सगळ्यांनी फिरवून पाहिली. मला आजीने पोफळीच्या विरीचे केलेले द्रोण आठवले, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आले.

आता मुद्द्यावर येते. कार्यक्रमाच्या शेवटी एका टेबलावर कागद ठेवलेला होता. यंदाच्या उन्हाळ्यात इथे पाऊस इतका कमी झाला की विहिरी आटल्या, आणि वणव्याच्या भीतीने ऑगस्टमध्ये सरकारने लोकांना रानात पाऊल टाकायलाच बंदी केली होती. मोडणाऱ्याला २५,००० डॉलर दंड होता. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक रोपाला पहिली तीन वर्षे कोण पाणी घालणार, त्याचे नाव आयोजकांना हवे होते. आमच्या वाट्याला तांबड्या मेपलचे रोप आले होते. मी आमचे नाव लिहिले, आणि तीन वर्षे म्हणजे २०२८ पर्यंत, हे मनात मोजताना मला कळले की आम्ही जे ठरवले आहे ते कालच्या कागदावर लिहिले गेले आहे, पण तुम्हाला अजून सांगितलेले नाही.

आम्ही येत्या वैशाखात परत येत नाही आहोत. माझी नोकरी जुलैमध्ये कायम झाली, तुमच्या जावयांनाही इथेच चांगले काम मिळाले, आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही लहानसे घर घेत आहोत. हा निर्णय एका रात्रीत घेतलेला नाही. दोन वर्षे आम्ही दोघे तो उलटसुलट करत होतो, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय घेतला याचे मला रोज वाईट वाटते. विचारले असते तर तुम्ही "तुमच्या सोयीने करा" म्हणाला असता आणि मग रात्रभर जागला असता, हेही मला ठाऊक आहे. चिमी आता आठ वर्षांची आहे, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचे वाचन सगळे इथले झाले आहे. दादाच्या वेळी जे झाले ते पुन्हा होऊ नये, असेही मनात आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

बाबा, निसर्ग वादळानंतर तुम्ही वाडीत पुन्हा लावलेल्या पोफळी कोणासाठी लावल्यात, हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला समजत नव्हते असे नाही. ३ जून २०२० चा तो दिवस माझ्या अंगावर अजून काटा आणतो. तुमचा फोन लागत नव्हता, गावात कोणाचाच लागत नव्हता, विमाने बंद होती, आणि मी इथे खिडकीत उभी राहून चार दिवस फक्त श्रीवर्धनचा नकाशा पाहत होते. पाचव्या दिवशी आईचा आवाज आला आणि ती पहिले वाक्य काय बोलली, तर "वाडी बोडकी झाली गो." तुम्ही फोनवर आलाच नाहीत.

म्हणूनच कदाचित मला इथली एक जागा फार जवळची वाटते. शहराच्या दक्षिण टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी असलेले पॉइंट प्लेझंट पार्क आहे. जवळजवळ ७५ हेक्टरांचे रान. ती जागा मूळची ब्रिटिश सरकारची, आणि १८६६ सालच्या करारानुसार शहराने ती वर्षाला एक शिलिंग भाड्याने ९९९ वर्षांसाठी घेतलेली आहे. (बाबा, तुम्ही कूळकायद्यावर तासभर बोलाल अशी ही गोष्ट आहे.) शेजारीच बोटींचा धक्का आहे, आणि परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला, स्प्रूस पोखरणारा भुंगा १९९९ साली या रानात ओळखला गेला. लागण झालेली झाडे तोडू नयेत म्हणून इथले लोक कोर्टात गेले होते. पुढे, बावीस वर्षांपूर्वी, २८ सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे बरोबर आजच्याच रात्री, हरिकेन वान आले. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग 'जुआन' असे वाचावेसे वाटते, पण उच्चार 'वान' आहे. एका रात्रीत पार्कातली सुमारे ७०,००० झाडे पडली, म्हणजे चारातली तीन.

आज सकाळी आम्ही तिथे गेलो होतो. काही भागात रोपे लावली गेली, पण बरेचसे रान आपले आपणच उगवून येऊ दिले आहे. पडलेल्या खोडांवर शेवाळ चढून त्यांच्यावरच बर्च आणि स्प्रूस उभे आहेत. काही माझ्या दुप्पट उंच, आणि त्यांच्यात वादळातून वाचलेली म्हातारी झाडे एकेकटी उभी आहेत. अशा एका म्हाताऱ्या पाइनला टेकून मी बराच वेळ उभी होते. तुमच्या पोफळी लावून आता चार पावसाळे झाले, दोन-तीन वर्षांत त्यांना शिपुट धरेल. ती पहिली सुपारी मी येऊन पाहीन. हे मी मन राखण्यासाठी लिहीत नाही. त्या वर्षीची रजा मी आजच मनात बांधून ठेवली आहे. मात्र तोवर वाडी विकण्याचा विचार रागाच्या भरात करू नये. पुढे काय करायचे ते आपण समोरासमोर बसून ठरवू, आणि तुम्ही ठरवाल तसेच होईल.

नव्या घरात तळमजल्यावर एक खोली आहे. तिला लागूनच न्हाणीघर आहे, तेव्हा बाबांना गुडघ्यांमुळे एकही पायरी चढावी लागणार नाही. भिंतीला धरायचे दांडे बसवून घेणार आहे आणि खाट मुद्दाम उंच घेतली आहे. थंडीची भीती मनातून काढून टाका. घरात इतकी ऊब असते की आई सुती साडीतच वावरेल. कोलम तांदूळ मिळतो, कोकम मिळते, दही मी घरी लावते आणि ताक घुसळायला चिमी एका पायावर तयार असते. खिडकीतून एक मोठे मेपल दिसते. त्याचा शेंडा आत्ताच लालसर होऊ लागला आहे. आईवडिलांसाठी इथे एक वेगळा व्हिसा मिळतो, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. पाच वर्षे राहा असे मी म्हणणार नाही, वाडी सोडून तुम्ही राहणार नाही हे मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी पावसाळ्यात, लावण्या आटोपल्यावर, गणपतीपर्यंत तरी या.

आलात आणि नोव्हेंबरपर्यंत राहिलात, तर तुम्हाला बोस्टनच्या झाडाचा निरोप दाखवीन. ६ डिसेंबर १९१७ रोजी इथल्या बंदरात दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट होऊन जवळजवळ २,००० माणसे गेली, तेव्हा बोस्टनहून त्याच रात्री मदतीची आगगाडी निघाली होती. त्या उपकाराची आठवण म्हणून १९७१ पासून दरवर्षी इथून एक भले उंच झाड नाताळसाठी बोस्टनला जाते. कोणी तरी आपल्या जागेतले झाड देते, शाळेची मुले ते कापताना पाहायला येतात, आणि मग ते ट्रकवर आडवे बांधून शहराच्या चौकात आणतात. गेल्या वर्षी आम्ही गर्दीत उभे होतो. चिमी म्हणाली, झाड कापून 'थँक यू' कसे म्हणतात? मला उत्तर देता आले नाही. आजोबांना विचार, असे मी तिला सांगितले आहे.

आता माझे ऐका. जुलैत बाबांना आगरात चक्कर आली होती, ही गोष्ट मला अण्णाकाकांकडून कळली, तुमच्याकडून नाही, आणि याचा मला राग आला आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी चहापूर्वी घ्यायची, "आज बरे वाटते" म्हणून टाळायची नाही. पहाटे अंधारात अनवाणी पंपाकडे जायचे नाही. चपला आणि विजेरी दोन्ही हवीत, आणि मोबाईल खिशात, पडवीतल्या फळीवर नव्हे. नारळ उतरवायला पाडेली येईपर्यंत थांबायचे. अर्ध्या शिडीवर चढून "फक्त पाहत होतो" हे उत्तर मी यापुढे ऐकून घेणार नाही. घरावर वाकलेली रायवळ आंब्याची फांदी पुढच्या पावसाळ्याआधी कापून घ्या. आजोबांनी लावलेले झाड आहे हे मान्य, सगळे झाड नका तोडू, तेवढी एक फांदी.

आई, मोतीबिंदूचे ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस. दिवाळीचा फराळ यंदा विकत आणला तर आभाळ कोसळणार नाही. पैसे मी खात्यात भरले आहेत, त्यांचे पुन्हा मुदत ठेवीत रूपांतर करू नये.

तुम्ही हे वाचून गप्प बसाल, ते मला चालेल. पण दोन दिवसांपेक्षा जास्त गप्प बसू नका. रागावायचे असेल तर मला फोन करून रागवा. मी लहानपणी रुसून माडाखाली बसत असे तेव्हा तुम्ही मला जेवायच्या वेळेपर्यंतच रुसू देत होता.

पाकिटात तांबड्या मेपलची तीन पाने आहेत. काल आमच्या रोपावरून गळलेली आहेत, तोडलेली नाहीत. दसरा गुरुवारी आहे आणि ही पोहोचतील तेव्हा तो होऊन गेलेला असेल, तरी आपट्याच्या पानांबरोबर ती देवापुढे ठेवावीत. एक आईने पोथीत घालावे. दुसऱ्यावर चिमीने बॉलपेनने "आजोबा" असे लिहिले आहे, त्यात 'जो'चा काना विसरला आहे, तरी समजून घ्यावे. तिसरे अण्णाकाकांना द्या.

रोपाला आठवड्यातून दोनदा प्रत्येकी वीस लिटर पाणी घालायला सांगितले आहे. इतके लागते का हो, बाबा? जमीन इथली खडकाळ आहे आणि वरचा मातीचा थर पातळ आहे. पत्र मिळाले की एवढे तरी फोनवर सांगा.

तुमची लाडकी,
बेबी