नुसता पृष्ठभागाचा आकडा नको, ओल्या हवेत काय होतं तेही छापा

संपादक महोदय, नमस्कार.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना मिळालं तेव्हापासून एमओएफ म्हणजे मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क हे नाव सगळीकडे दिसायला लागलंय, याचा मला खरंच खूप आनंद आहे. धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांचा जाळीदार सांगाडा, आत सगळी पोकळी, आणि काहींच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग ७,००० चौरस मीटरच्या वर, म्हणजे जवळपास अख्खं फुटबॉलचं मैदान. भारीच आहे हे. पण बातम्या बऱ्याचदा याच आकड्यावर थांबतात, म्हणून हे पत्र.

१९९९ चं एमओएफ-५ घ्या. झिंकचं, खूप गाजलेलं, पण साध्या दमट हवेत त्याचा सांगाडा मोडायला लागतो. आता एमओएफच्या पोकळीत कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा म्हटलं तर त्या धुरात पाण्याची वाफ असतेच, त्यामुळे कोरड्या गॅसवर लॅबमध्ये कितीही छान रिझल्ट आला तरी चिमणीपाशी तो टिकेल असं नाही. २००८ मध्ये नॉर्वेतल्या ओस्लो युनिव्हर्सिटीने झिर्कोनियमचं यूआयओ-६६ आणलं, ते पाण्यात बऱ्यापैकी टिकतं, त्यानंतर टिकाऊपणाकडे लोक जास्त बघायला लागले. कॅनडातल्या कॅलगरीचं कॅल्फ-२० मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचा पृष्ठभाग रेकॉर्डब्रेक वगैरे अजिबात नाही, पण थोडा दमटपणा असला तरी ते पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतं, वाफ सोसतं, बनवायलाही फार अवघड नाही. कामाला येणारं मटेरियल असं असतं, आणि अशांची बातमी मात्र लहान येते.

शिवाय गॅस पकडून भागत नाही, तो सोडवावाही लागतो, त्याला उष्णता किंवा व्हॅक्यूम लागतो आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. एमओएफच्या पावडरच्या गोळ्या केल्या की बाइंडरमुळे, म्हणजे पावडर चिकटवणाऱ्या पदार्थामुळे, काही छिद्रं बुजतात हाही एक भाग, पण याबद्दल फार कमी वाचायला मिळतं.

एनर्जीच्या बाजूला तर जास्तच जपून लिहायला हवं. हायड्रोजनसाठी पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने विघटन, करताना निकेल फोम (स्पंजसारखं सच्छिद्र निकेल) इलेक्ट्रोड म्हणून खूप वापरतात, वीज नीट वाहते, बुडबुडे निघून जायला वाट असते, सगळं बरोबर. पण करंट मोजताना फोमच्या तुकड्याची वरवरची लांबी-रुंदी धरली जाते, आतला खरा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो, त्यामुळे वर लावलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. त्यात फोममधलं निकेल स्वतःच काम करत असतं आणि पाण्यात घातलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीमध्ये लोखंडाचे नुसते अंश असले तरी ऑक्सिजन निघण्याचा वेग बराच वाढतो. मग श्रेय नक्की कोणाचं? कॅटॅलिस्ट म्हणून एमओएफ वापरले तर बरेचसे अल्कलीत मूळ रूपात राहतच नाहीत, त्यांचं हायड्रॉक्साइड होतं आणि खरं काम तेच करतं, म्हणजे आधीच्या सुंदर सांगाड्याचा फोटो छापून उपयोग किती ते बघा.

याचा अर्थ हा विषय पोकळ आहे असं मुळीच नाही, वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी काढायला ॲल्युमिनियमचं एमओएफ-३०३ अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटात प्रत्यक्ष वापरून पाहिलंय आणि पाणी मिळालंय. उलट इतकं चांगलं काम चाललंय म्हणूनच वाचकाला अर्धवट माहिती देऊ नये असं वाटतं.

तर विनंती एवढीच की अशी बातमी करताना संशोधकांना चार प्रश्न नक्की विचारा: दमट हवेत तपासलं का, किती वेळा वापरून झालं, परत मोकळं करायला किती ऊर्जा लागते आणि दुसऱ्या लॅबने तेच मोजलं का. उत्तर "अजून नाही" असेल तर तेही तसंच छापा, वाचकांना ते नक्की समजेल.

– आपला एक वाचक